गच्चीवरील आकाशक आणि घराचे भूसंपर्कन : एक शास्त्रीय व व्यावहारिक विचार

गोषवारा : दूरचित्रवाणीचा आकाशक घराबाहेर, उंचावर आणि धातूचा असतो, त्याची तार मात्र थेट दिवाणखान्यात येते. या साध्या वस्तुस्थितीतून निर्माण होणारे धोके आणि त्यांवरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील घरे, जमीन व हवामान डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. डिशसाठी ‘स्वतंत्र अर्थिंग’ करावे, या रूढ समजुतीची तपासणी हा लेखाचा मुख्य भाग होय.

बीजसंज्ञा : आकाशक, डिश, भूसंपर्कन, समवर्चस जोडणी, वळीव.

प्रस्तावना

प्रस्तुत लेखकाच्या राहत्या इमारतीत काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. वीज पडली ती आवाराबाहेरच्या एका झाडावर. इमारतीला तिचा स्पर्शही झाला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी चार घरांतील दूरचित्रवाणी संच आणि त्यांचे सेट-टॉप बॉक्स निकामी झाल्याचे आढळले. डिश बसविणाऱ्या कारागिराला भूसंपर्कनाविषयी विचारले, तेव्हा तो सहजपणे म्हणाला, “साहेब, डिशला अर्थिंग केलं तर वीज उलट ओढली जाते, म्हणून आम्ही करत नाही.” सोसायटीच्या सभेत हे मत बहुतेकांना पटले. एका सभासदाने याच्या नेमके उलट सुचविले, की डिशसाठी गच्चीच्या बाजूला वेगळा खड्डा खणून वेगळे अर्थिंग करावे. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दुसरे मत पहिल्यापेक्षा कमी धोक्याचे आहे असेही म्हणता येत नाही. ते का, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

मराठीत आकाशात चमकते तीही वीज आणि मीटरमधून येते तीही वीजच. भाषेची ही सोय येथे थोडी अडचणीची ठरते. आकाशकाला जोडलेली भूसंपर्काची तार एकच असली तरी तिची कामे दोन असतात : एक आकाशातील विजेशी संबंधित, दुसरे महावितरणच्या विजेशी. या दोन कामांच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत. पुढील विवेचनात संदिग्धता टाळण्यासाठी पहिलीला ‘तडित’ व दुसरीला ‘विद्युत्’ असे म्हटले आहे.

काठीपासून थाळीपर्यंत

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या काळात चाळींच्या कौलांवर आणि बंगल्यांच्या गच्च्यांवर जी ॲल्युमिनियमची काठ्याकाठ्यांची रचना दिसू लागली, तिचे शास्त्रीय नाव यागी-उदा आकाशक. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो सिद्ध केला. भूप्रक्षेपणाच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यामुळे प्रक्षेपण मनोरा ‘दिसेल’ इतक्या उंचीवर आकाशक न्यावा लागे. प्रक्षेपण केंद्रापासून दूर असलेल्या गावांत चार-पाच मीटरचा लोखंडी पाइप उभारून त्याच्या टोकाला तो बांधीत. घरातील सर्वांत उंच धातूची वस्तू हीच असे.

पुढे २००३ पासून खासगी, आणि डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची स्वतःची, थेट उपग्रहाकडून घरी येणारी सेवा सुरू झाली. २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे बंद करण्यात आली. आज गच्चीवर दिसणारा आकाशक म्हणजे बहुधा साठ सेंटिमीटरच्या आसपासची लोखंडी थाळी होय. विश्वकोशीय मराठीने ‘आकाशक’ हा शब्द दिला असला तरी व्यवहारात ‘अँटेना’ आणि ‘डिश’ हेच शब्द रूढ आहेत. म्हणून या लेखातही ते आवश्यकतेनुसार वापरले आहेत.

या बदलातील एक महत्त्वाची गोष्ट आपल्याकडे दुर्लक्षित राहिली. यागी आकाशकाला उंची हवी होती. डिशला उंची नको असते. तिला हवे असते ते केवळ एका विशिष्ट दिशेचे मोकळे आकाश. दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’चा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून पाहिले असता तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की डिशच्या मध्यापेक्षा ३ मीटर अधिक उंच असलेली पाण्याची टाकी आग्नेयेला असली, तरी डिश तिच्यापासून जेमतेम २ मीटर दूर ठेवल्यास संकेत अडत नाही. म्हणजे डिश टाकीवर किंवा जिन्याच्या टोपीवर चढविण्याचे काहीच कारण नसते. कठड्याच्या आतल्या बाजूस, हाताच्या उंचीवर ती तितकेच स्पष्ट चित्र देते. तरीही कारागीर ती टाकीवर चढवितात. यागीच्या काळातील सवय, एवढेच त्याचे स्पष्टीकरण देता येईल.

जागेची निवड

तारमार्ग-जाळ्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या आयईसी ६०७२८-११ या आंतरराष्ट्रीय मानकात एक अतिशय उपयुक्त सूट दिलेली आहे. आकाशकाचा सर्वांत वरचा भाग छताच्या कडेपासून किमान २ मीटर खाली असेल आणि त्याचा कोणताही भाग इमारतीच्या भिंतीपासून १.५ मीटरपेक्षा जास्त बाहेर आलेला नसेल, तर त्याला तडितरक्षणासाठी वेगळे भूसंपर्कन करण्याची सक्ती नाही. कारण अशा स्थितीत इमारत स्वतःच त्याचे छत्र होते. आग्नेय किंवा दक्षिण दिशेची मोकळी बाल्कनी असलेल्या घरात हा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित होय.

छज्जावर डिश बसविण्याची पद्धत मात्र याच कारणाने स्वीकारावी असे नाही. छज्जावरील डिश तडितेपासून सुरक्षित असते, पण तिची दुरुस्ती करणारा माणूस असुरक्षित असतो. हाताला कठडा नाही, पायाखाली अर्धा मीटर रुंदीचे शेवाळलेले काँक्रीट, अशा ठिकाणी बसलेला किरकोळ झटकाही पडण्यास पुरेसा होतो. म्हणून जी डिश घरातून किंवा गच्चीवरून हात पुरवून पकडता येते, तीच जागा योग्य समजावी.

वाऱ्याचा विचारही आवश्यक आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार मुंबई व नागपूर येथे मूलभूत वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रतिसेकंद, तर पुणे येथे ३९ मीटर प्रतिसेकंद धरला जातो. ४४ मीटर वेगाला दर चौरस मीटरमागे सुमारे १,१६० न्यूटन दाब येतो. ६० सेंटिमीटरच्या थाळीवर, तिच्या आकाराचा गुणक धरून, हा भार सुमारे ४६० न्यूटन, म्हणजे साधारण ४७ किलोग्रॅम वजनाइतका होतो. गिलाव्यात बसविलेले दोन खिळेवजा स्क्रू हा भार सहन करू शकत नाहीत. आधारपट्टी विटांच्या सांध्यात नव्हे, तर काँक्रीटमध्ये, प्रसरणशील बोल्टने बसवावी लागते.

तारांपासूनचे अंतर

आकाशक बसविताना होणारे सर्वांत भीषण अपघात तडितेमुळे नव्हे, तर जवळून जाणाऱ्या विद्युत् तारांमुळे होतात. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत इमारत आणि उघडी तार यांतील किमान अंतरे दिलेली होती : लघुदाबाच्या तारेसाठी आडवे १.२ मीटर व सपाट छतावर उभे २.५ मीटर, ११ किलोव्होल्टच्या तारेसाठी आडवे १.२ मीटर व उभे ३.७ मीटर. (२०२३ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली.) ही अंतरे इमारतीसाठी आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. तीन मीटरचा पाइप दोन्ही हातांनी उभा धरून तोल सावरणाऱ्या माणसासाठी ती नाहीत. त्याच्यासाठी नियम एकच : पाइप कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी त्याचे टोक तारेपर्यंत पोचता कामा नये. पाइपच्या लांबीत आणखी दोन-तीन मीटर मिळवून येणाऱ्या अंतराच्या आत तार असेल, तर ती जागा सोडून द्यावी. पाइप हातातून निसटू लागल्यास तो सावरण्याचा प्रयत्न करू नये, सोडून द्यावा. ॲल्युमिनियमची शिडी व ओला बांबू ही दोन्ही अशा ठिकाणी सारखीच घातक होत.

येथे जुन्या यागी आकाशकांच्या उरलेल्या पाइपांचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. प्रक्षेपण बंद झाले, पण पाइप राहिले. आणि अनेक घरांत त्या पाइपाला लोखंडी तार बांधून कपडे वाळत घातले जातात. तारेचे दुसरे टोक बहुधा खिडकीच्या गजाला किंवा पत्र्याच्या शेडला असते. शेडमधील दिव्याच्या वायरचे आवरण एका ठिकाणी जरी घासले गेले, तरी पाइप, तार आणि ओले कपडे ही सर्व एकाच दाबावर येतात. असा पाइप काढून टाकावा. ते शक्य नसेल तर निदान तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधावी.

डिशला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या

‘डिशला शॉक बसतो’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिची दोन कारणे संभवतात आणि त्यांतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे.

पहिले कारण निरुपद्रवी म्हणावे असे आहे. बहुतेक दूरचित्रवाणी संच आणि सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर दोन पिनांचे असतात; म्हणजे त्यांना भूसंपर्काची पिनच नसते. त्यांच्या आतील वीजपुरवठ्यात उच्च वारंवारतेचा गोंगाट दाबण्यासाठी प्राथमिक व दुय्यम बाजूंमध्ये एक लहानसे धारित्र जोडलेले असते. २.२ नॅनोफॅरड धारकतेचे धारित्र, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ धरले, तर त्यातून जाणारा प्रवाह सुमारे ०.१६ मिलिअँपिअर येतो. हा प्रवाह आरएफ केबलच्या बाहेरील जाळीतून थेट डिशच्या धातूपर्यंत पोचतो. साधारणतः अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास मनुष्याला प्रवाहाची जाणीव होते. त्यामुळे एका उपकरणाचा प्रवाह क्वचितच जाणवतो; पण एकाच संचाला सेट-टॉप बॉक्स, ध्वनिवर्धक, संगणक अशी तीन-चार उपकरणे जोडलेली असली, की त्यांचे प्रवाह एकत्र येतात आणि घामेजल्या बोटांना झिणझिण्या लागतात.

दुसरे कारण गंभीर आहे, आणि ते घराच्या वायरिंगमध्ये असते. भूसंपर्काची तार टाकण्याचा खर्च वाचविण्यासाठी काही ठिकाणी सॉकेटमधील अर्थच्या खाचेला न्यूट्रलच जोडून दिलेला असतो. जोपर्यंत न्यूट्रल अखंड आहे तोपर्यंत सर्व काही सुरळीत दिसते. ज्या दिवशी तो कोठेतरी तुटतो, त्या दिवशी घरातील चालू उपकरणांमधून फेजचा दाब त्या खाचेपर्यंत येतो, आणि तिला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत होते. तीन पिनांच्या एखाद्या उपकरणाची केबल दूरचित्रवाणीला लागलेली असेल, तर गच्चीवरची डिशही त्यात आली.

साधा निऑन टेस्टर दोन्ही प्रसंगी उजळतो. म्हणून ‘टेस्टर लागला’ एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. जाणकार तंत्रज्ञ डिश आणि खात्रीचे भूसंपर्कन यांच्या दरम्यान १० किलो-ओहमचा रोध जोडून त्यावरील दाब मोजतो. प्रवाह धारित्राचा असेल तर तो दाब एक-दोन व्होल्टपर्यंत कोसळतो. वायरिंगमधील दोष असेल तर तो २३० व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. ही तपासणी गृहस्थाने स्वतः करावयाची नाही. पण ती करवून घ्यावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत डिशला कोणी हात लावू नये. डिशच्या टोकाला असलेल्या एलएनबीला सेट-टॉप बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्ट दिष्ट दाब पुरविला जातो. तो माणसाला इजा करीत नाही, परंतु जोडणी करताना मधली तार जाळीला टेकली तर उपकरण बिघडू शकते. त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा.

‘अर्थिंग केले तर वीज ओढली जाते’

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ढगातून खाली येणारी तडितेची शाखा कोठे पडणार, हे अखेरच्या काही दशमीटरांत ठरते. आणि ते ठरते प्रामुख्याने वस्तूंच्या उंचीवरून व आकारावरून. ढगाचे विद्युत् क्षेत्र सावकाश वाढत असते. त्या कालावधीत ओल्या भिंतीवर बसविलेली डिश, भिंतीचा रोध कितीही मोठा असला तरी, जमिनीच्या वर्चसावर येऊन राहते. म्हणजे तडितेच्या दृष्टीने ती आधीच जमिनीचा भाग असते. तिला तांब्याची तार जोडल्याने तिच्याकडे तडित येण्याची शक्यता जवळजवळ बदलत नाही. बदलते ते एवढेच, की आलेला प्रवाह कोणत्या मार्गाने जाणार. तार नसेल तर त्याला उपलब्ध असलेला उत्तम धातुमार्ग म्हणजे आरएफ केबल, आणि ती दिवाणखान्यातून जाते.

भूसंपर्कनामुळे तडितेपासून पूर्ण संरक्षण मिळते, असाही याचा अर्थ नव्हे. तडितेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरला आणि तो एका मायक्रोसेकंदात चढतो असे मानले, तर काय होते ते पाहू. सरळ तारेची प्रवर्तकता दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. गच्चीपासून जमिनीपर्यंत १० मीटरची तार असल्यास तिच्या दोन टोकांत सुमारे ३ लाख व्होल्ट दाब निर्माण होतो. तार जाड घेतल्याने यात फारसा फरक पडत नाही, कारण हा दाब रोधाचा नसून प्रवर्तकतेचा आहे. त्यामुळे तार शक्य तितकी आखूड आणि सरळ नेणे हे ती जाड घेण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. खिडकीच्या चौकटीभोवती काटकोनात वळविलेल्या, उरलेली लांबी वेटोळे करून टांगलेल्या तारा आपण पाहतो. ते वेटोळे तडितेच्या दृष्टीने अडथळाच होय.

वेगळा खड्डा का नको

वरील उदाहरणातील प्रवाह जमिनीत उतरताना आणखी एक घटना घडते. खड्ड्याचा रोध १० ओहम असेल, तर ३०,००० अँपिअर प्रवाहाने खुद्द ‘अर्थ’चेच वर्चस ३ लाख व्होल्टपर्यंत चढते. शून्य वर्चसाची जमीन ही पाठ्यपुस्तकातील कल्पना आहे. तडितेच्या क्षणी ती खरी राहत नाही. अशा वेळी डिशचा खड्डा वेगळा आणि घराच्या वीजपुरवठ्याचा खड्डा वेगळा असेल, तर डिशची केबल लाखो व्होल्टवर आणि भिंतीतील सॉकेट त्याहून पुष्कळ खाली, अशी स्थिती निर्माण होते. हे दोन बिंदू जेथे एकमेकांजवळ येतात, ती जागा म्हणजे दूरचित्रवाणी संच. प्रवाह त्यातूनच पलीकडे जातो. स्वतंत्र अर्थिंगने संचाचे रक्षण होत नाही; उलट संच दोन खड्ड्यांमधील पूल होतो.

उपाय म्हणजे दोन्ही एकत्र जोडणे. यालाच समवर्चस जोडणी म्हणतात. डिशचा आधार, केबलची बाहेरील जाळी आणि घराचे मुख्य भूसंपर्काचे अग्र ही सर्व एकमेकांना जाड तांब्याच्या तारेने जोडलेली असली, तर तडितेच्या क्षणी सर्वांचे वर्चस बरोबरच वर चढते आणि बरोबरच खाली येते. नुकसान करतो तो वर्चसातील फरक. वर्चस स्वतः नव्हे. उच्चदाबाच्या तारेवर निवांत बसलेल्या कावळ्याचे उदाहरण आपण वर्गात देतोच.

प्रत्यक्ष रचना अशी असावी. डिशच्या पाइपापासून १६ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार, किंवा किमान ५० चौरस मिलिमीटर छेदाची जस्तलेपित लोखंडी पट्टी, भिंतीच्या बाहेरून सरळ खाली आणावी. आपल्याकडे सहज मिळणारी २५ × ३ मिलिमीटरची पट्टी ही अट पूर्ण करते. आरएफ केबल त्याच पट्टीला लागून खाली आणावी आणि मीटरबोर्डाच्या जवळच घरात घ्यावी. प्रवेशाच्या ठिकाणी केबल तोडून मध्ये धातूचा जोडठोकळा बसवावा आणि तो किमान ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने मुख्य भूसंपर्काच्या अग्राला जोडावा. डिशसाठी वेगळा खड्डा असेलच तर तो बुजविण्याची गरज नाही. मात्र तो घराच्या खड्ड्याशी डिशच्या तारेइतक्याच जाड तारेने जोडला गेलाच पाहिजे. इमारतीला तडितरक्षक असेल तर त्याच्याशी जोडणी कशी करावयाची, हे त्या यंत्रणेच्या रचनाकाराकडून ठरवून घ्यावे. तडितरक्षकाच्या पट्टीलाच डिश बांधून टाकण्याचा मोह टाळावा.

केबल पट्टीला लागून आणण्याचे कारण आमच्या इमारतीतील घटनेत आहे. केबल एका भिंतीने आणि वीजपुरवठा दुसऱ्या भिंतीने घरात येतो, तेव्हा त्यांचा मिळून एक मोठा फेरा तयार होतो. १० चौरस मीटर क्षेत्रफळाचा फेरा आणि १०० मीटरवर पडलेली, वर मानल्याप्रमाणे चढणारी तडित घेतली, तर फॅरडेच्या नियमाने त्या फेऱ्यात सुमारे ६०० व्होल्ट प्रवर्तित होतात. तडित ५० मीटरवर असेल तर १,२००. संचातील संकलित मंडले काही व्होल्टांवर चालतात. झाडावर पडलेल्या तडितेने चार घरांतील संच का गेले, याचे उत्तर एवढेच आहे. त्या चारही घरांत केबल मागच्या खिडकीतून आत घेतलेली होती.

जमिनीचा प्रश्न

भूसंपर्कनाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत जमिनीचा विचार थोडक्यात आटोपतो. महाराष्ट्रात तसे करून चालत नाही. २.५ मीटर लांब व १६ मिलिमीटर व्यासाचा दांडा जमिनीत ठोकला, तर त्याचा रोध जमिनीच्या रोधकतेच्या प्रमाणात बदलतो : रोधकता १० ओहम-मीटर असेल तर सुमारे ४ ओहम, १०० असेल तर ३९, आणि १,००० असेल तर ३९०. ओली काळी माती पहिल्या आकड्याच्या जवळपास असते. कोरडा मुरूम, कोकणातील जांभा किंवा दख्खनचा बेसाल्ट यांची गणना शेवटच्या आकड्यांत करावी लागते.

काळ्या मातीचा गुणही फसवा आहे. ती पावसाळ्यात उत्तम वाहक असते, परंतु उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि दांड्याला सोडून दूर होते. आपल्याकडील तडितेचा मोठा जोर मान्सूनपूर्व वळवाच्या दिवसांत असतो. म्हणजे ज्या आठवड्यांत तडितेचा धोका सर्वाधिक, त्याच आठवड्यांत जमीन सर्वांत कोरडी आणि भूसंपर्कन सर्वांत दुबळे असते. आयएस ३०४३ या भारतीय मानकाने पत्र्याचा भूअग्र किमान १.५ मीटर खोल पुरण्यास सांगितले आहे, त्यामागील एक कारण ही वरच्या थराची कोरड होय. कोळसा व मीठ घालून केलेल्या पारंपरिक खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जी जुनी शिस्त होती, ती निरर्थक नव्हती. मीठ मात्र पावसाने वाहून जाते आणि लोखंड खाते. दहा वर्षांपूर्वीच्या खड्ड्यात आज काय शिल्लक आहे, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

नळाच्या पाइपाला अर्थ जोडण्याची प्रथा आता सर्वस्वी सोडून द्यावी. पूर्वी पाइप जस्तलेपित लोखंडाचा होता आणि तो जमिनीतून जात असे. आज मधला कोणताही तुकडा प्लॅस्टिकचा असू शकतो. मग ती जोडणी भूसंपर्क न राहता स्नानगृहातील नळाला डिशशी जोडणारी तार होते.

रोधाचे हे आकडे विद्युत्-सुरक्षेच्या दृष्टीनेही बोलके आहेत. ३९ ओहमच्या खड्ड्यातून २३० व्होल्ट दाबाने सुमारे ६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही. सदोष उपकरण आणि त्याला जोडलेली डिश दोन्ही जिवंत राहतील आणि अर्थिंग आहे या समाधानात घरमालकही राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र ३९० ओहमच्या वाईट खड्ड्यावरही कार्य करतो, कारण तेवढा प्रवाह वाहण्यास १२ व्होल्टही पुरतात. ज्या गावांत पुरवठ्याबरोबर केवळ फेज व न्यूट्रल येतात आणि भूसंपर्कन ग्राहकाच्या खड्ड्यावरच अवलंबून असते, तेथे हे उपकरण चैनीचे मानता येणार नाही. बाहेरची उघडी तार तुटून थेट डिशवर पडली, तर घरातील आरसीसीबीचा काही उपयोग नाही, हेही नोंदविले पाहिजे.

वादळापूर्वी

उत्तम भूसंपर्कन असूनही थेट तडितेपासून संच वाचेलच असे नाही. ३ लाख व्होल्ट दाब हवेतील सुमारे १० सेंटिमीटरचे अंतर ओलांडू शकतो. स्विचमधील फट काही मिलिमीटरची असते. त्यामुळे स्विच बंद करणे पुरेसे नाही. प्लग आणि केबल दोन्ही उपसून, एकमेकांपासून व संचापासून हातभर दूर ठेवावीत. हे काम ढग दिसताच करावे. गडगडाट जवळ आल्यावर केबलला हात लावणे म्हणजे स्वतःच त्या पुलाची जागा घेणे होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी उपयोजनेवरून जवळपासच्या तडितेची पूर्वसूचना मिळते, तिचा उपयोग करून घेता येईल.

महाविद्यालयांच्या छतांवर

हा विषय प्राध्यापकवर्गापुढे मांडण्याचे आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २००४ मध्ये एज्युसॅट उपग्रह सोडल्यानंतर अनेक शिक्षणसंस्थांच्या छतांवर डिश बसल्या. त्या उपग्रहाची सेवा २०१० मध्ये संपली. २०१७ पासून ‘स्वयंप्रभा’ वाहिन्यांसाठी पुन्हा नव्या डिश आल्या. जुन्या काढल्या गेल्याच असे नाही. त्यांच्या केबली कधी प्रयोगशाळेत, कधी ग्रंथालयात, कधी बंद पडलेल्या दृक्-श्राव्य कक्षात लोंबकळत राहिल्या आहेत. छतावर एका टोकाला डिश आणि दुसऱ्या टोकाला काहीच न जोडलेली केबल ही तडितेला घरात आणणारी मोकळी वाट असते. अशी केबल छतापर्यंत ओढून काढावी; डिश ठेवावयाची असल्यास तिचा आधार इमारतीच्या भूसंपर्कनाशी जोडावा. वापरातील डिशच्या सांध्यांवरील गंज, पट्टीचे बोल्ट आणि खड्ड्याचा रोध यांची तपासणी एप्रिलमध्ये, म्हणजे जमीन कोरडी असताना व वळीव येण्यापूर्वी, परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराकडून करवून घ्यावी आणि मोजलेला आकडा तारखेसह मीटरबोर्डाच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा नेहमीच चांगला येतो. तो नोंदवहीत असला तरी एप्रिलचा प्रश्न तसाच उरतो.